एफएम स्टेशन विकलं जातं तेव्हा नेमकं काय विकलं जातं, आणि त्यात ख्याल कुठे बसतो?

बिग एफएमची मालकी २०२४ मध्ये बदलली, तेव्हा ठाण्यातल्या आमच्या गाण्याच्या ग्रुपवर एका ताईंनी लगेच विचारलं, "आता तरी सकाळी एखादा भैरव लावतील का हो?" भैरव हा सकाळचा राग, आणि प्रश्न अगदी मनापासून होता. स्टेशनचा मालक बदलला की संगीत बदलेल, आणि चांगला मालक आला तर आपलं शास्त्रीय संगीतही एफएमवर येईल, ही आशा बऱ्याच जणांना असते. ती खरी का ठरत नाही, ते नीट समजून घ्यायला हवं. कारण ते समजलं की आपण कोणाकडे काय मागायचं, तेही आपोआप कळतं.

सुरुवात थेट रेडिओच्या काट्यापासून करू. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत ऐकू येणाऱ्या वाहिन्यांचे आकडे बघा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येक दोन आकड्यांमध्ये बरोबर ०.८ चं अंतर आहे. हे ठरवून ठेवलेलं आहे, म्हणजे एका वाहिनीचा आवाज दुसरीत मिसळत नाही. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. त्यात ०.८ च्या अंतराने बसवायला गेलं तर पंचवीसच्या आसपास जागा होतात. त्यातल्या काही आकाशवाणीच्या, काही सामुदायिक रेडिओच्या, उरलेल्या खासगी कंपन्यांच्या. अंतर निम्मं करून जागा वाढवा, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामक संस्थेने, पूर्वीच केली होती. ती अमलात आलेली नाही. म्हणून जागा मोजक्या आणि मागणारे भरपूर, ही परिस्थिती कायम आहे.

या जागा कोणाच्या? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे ९२.७ हा आकडा कुठल्याच कंपनीचा नाही, तो तुमचा-माझा आहे. सरकार तो काही वर्षांसाठी वापरायला देतं, एवढंच.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना हे पटकन समजेल. वाशी-नेरुळमध्ये जमीन सिडकोची असते, आपल्याकडे असतो तो भाडेपट्टा. घर विकायचं झालं तर सिडकोकडे जाऊन हस्तांतराची परवानगी घ्यावी लागते, शुल्क भरावं लागतं. एफएमचंही तसंच. कंपनी विकते ते स्टेशनचं नाव, स्टुडिओ, कर्मचारी, जाहिरातदारांचे करार आणि परवान्याची उरलेली वर्षं. हस्तांतराला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची मंजुरी लागते. बिग एफएमच्याच बाबतीत २०१९ मध्ये रेडिओ सिटीच्या कंपनीने सुमारे १,०५० कोटींची किंमत धरून खरेदीचा करार केला होता, पण मंजुरी न आल्याने तो बारगळला. पुढे मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि शेवटी सफायर मीडियाने ती २६१ कोटींना घेतली. पाच वर्षांत किंमत कुठून कुठे आली बघा.

सिडकोच्या भूखंडात आणि एफएमच्या परवान्यात एक मोठा फरक मात्र आहे, आणि माझ्या मते सगळं पाणी तिथेच मुरतं. सिडकोच्या कागदावर भूखंड कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं: निवासी, वाणिज्य, शाळा, रुग्णालय. शाळेच्या जागेवर मॉल बांधता येत नाही. एफएमच्या परवान्यावर असं काहीच नसतं. आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता पाळा, स्वतःच्या बातम्या देऊ नका, एवढ्या चौकटीत राहून काय वाजवायचं ते मालकाने ठरवायचं. त्यामुळे १०४.८ हाच आकडा आधी बायकांसाठीची 'म्याव' वाहिनी होता, मग 'ओये' झाला, मग 'इश्क' झाला. मुंबईत खासगी एफएम सुरू झाला तेव्हाचं इंग्रजी 'गो ९२.५' पुढे ९४.३ वर गेलं, रेडिओ वन झालं, भाषाही बदलली. या बदलांत श्रोत्यांना कोणी विचारलं नाही, आणि नियमाप्रमाणे विचारण्याची गरजही नव्हती.

मग मालक शास्त्रीय संगीत का निवडत नाही? नावड हे त्याचं कारण नाही, हिशेब आहे. खासगी एफएमचा पहिला टप्पा २०००-२००१ चा. तेव्हा ठरावीक वार्षिक परवाना शुल्क होतं आणि ते दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत होतं. कंपन्या गळपटल्या. आपल्याकडचं 'विन ९४.६' त्यातच बंद पडलं. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात सरकारने पद्धत बदलली: एकदाच प्रवेश शुल्क भरा आणि मग उत्पन्नाच्या ४ टक्के द्या. तिसऱ्या टप्प्यात, २०१५ च्या लिलावात, मुंबईतल्या एका वाहिनीची बोली शंभर कोटींच्या वर गेली. हे पैसे वाहिनी सुरू होण्याआधीच द्यायचे. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन सुरू होणारं स्टेशन पहिल्या दिवसापासून जास्तीत जास्त कान गोळा करणार, हे उघड आहे.

कान मोजले जातात, आणि जाहिरात दहा सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते. घोडबंदर रोडचा बिल्डर असो की गोखले रोडवरचा सराफ, तो दहा-दहा सेकंदांचे तुकडे विकत घेतो. ते तुकडे गाण्यांच्या मध्ये बसवायचे असतात. चार मिनिटांचं सिनेमाचं गाणं, निवेदकाची दोन वाक्यं, जाहिराती, पुन्हा गाणं. ऐरोलीच्या पुलावर गाडी अडकलेली असताना हा क्रम छान चालतो.

आता या साच्यात ख्याल, म्हणजे रागाचं सावकाश उलगडत जाणारं गाणं, बसवून बघा. तो बहुतेकदा विलंबित, म्हणजे संथ, एकतालात असतो. बारा मात्रांचं आवर्तन. अतिविलंबित लयीत एक मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं. म्हणजे दहा मिनिटांत जेमतेम बारा वेळा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते. त्या बारा समांमध्ये गायक काय करतो? पहिल्या तीन-चार आवर्तनांत षड्ज नीट लावतो, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरतो, बंदिशीचा मुखडा दोन-तीन पद्धतीने समेवर आणून दाखवतो. मारवा राग असेल तर अजून रिषभ आणि धैवत यांचंच बोलणं चाललेलं असतं, षड्जावर ठाम बसायची घाईच नसते. गंमत इथे सुरू होत असते, आणि इथेच जाहिरातीचा ब्रेक यायला हवा! तोडायचं कुठे? मारव्याचं अधांतरीपण तोडलं की राग संपला. छोटा ख्याल, तराणा, ठुमरी, नाट्यगीत हे त्या मानाने बसतं, आणि मला वाटतं खासगी वाहिन्यांना काही मागायचंच असेल तर ते हेच मागावं. पूर्ण ख्याल मात्र जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीत बसत नाही, मालक कितीही रसिक असला तरी.

पाश्चात्त्य संगीताचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे सिंफनीचा एखादा भाग सात-आठ मिनिटांत पुरा होतो आणि तोडायला नैसर्गिक जागा मिळते. तिकडच्या खासगी शास्त्रीय वाहिन्यांचा दाखला आपल्याकडे देताना हे लक्षात ठेवावं लागतं.

ख्यालाला खरी जागा दिली ती आकाशवाणीने, कारण तिला दहा सेकंदांचा हिशेब करावा लागत नव्हता. मुंबईत रेडिओ सुरू झाला २३ जुलै १९२७ ला, आणि तो खासगी कंपनीचा होता. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली. सरकारने केंद्रं हातात घेतली, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. म्हणजे आपल्या रेडिओचा पहिला मालकीबदल दिवाळखोरीतूनच झाला. संस्थानिकांचा आश्रय आटत चालला होता तेव्हा या सरकारी रेडिओने कलाकारांना नियमित मानधन दिलं, स्वरपरीक्षा घेऊन बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी ठरवल्या. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन. शनिवारी रात्री दीड तास एकच कलाकार ऐकायचा, ही सवय एका अख्ख्या पिढीला रेडिओने लावली.

पण सरकार मालक असलं की सगळं आलबेल, असंही नाही. मालकाची आवड तिथेही चालतेच. १९४० मध्ये आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी आली. पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म फरक) लागत नाहीत, असा युक्तिवाद होता. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. संगीत नाटकाची गाणी पेटीशिवाय कशी वाटतात, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. मग आले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्यात जन्मलेले, धृपद शिकलेले, १९५२ पासून दहा वर्षं माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री. त्यांनी शास्त्रीय संगीताला भरभरून वेळ दिला आणि सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांबद्दल मला आदर आहे. आपण शास्त्रीय संगीत ऐकतो त्यात त्यांचं श्रेय मोठं आहे. पण लोकांच्या आवडीचं सगळं बंद करून आपल्या आवडीचं लादायचं, हा मार्ग टिकत नाही, हेही त्यांच्याच कारकिर्दीत दिसलं.

खासगी मालकाने शास्त्रीय संगीताला चोवीस तास दिल्याचं उदाहरण आपल्याकडेही होऊन गेलं. वर्ल्डस्पेस आठवतो का? उपग्रहावरून येणारा, वर्गणी भरून ऐकायचा रेडिओ. खिडकीत छोटी चौकोनी अँटेना लावायची. त्यावर हिंदुस्थानी संगीताची 'गांधर्व' आणि कर्नाटक संगीताची 'श्रुती' अशा दोन वाहिन्या होत्या, जाहिरातींशिवाय. गांधर्ववर पूर्ण ख्याल लागायचा, रागाची वेळ पाळली जायची. पण मूळ अमेरिकन कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. इथल्या श्रोत्यांनी वर्गणी वेळेवर भरली होती. त्याने काही फरक पडला नाही. निर्णय दुसऱ्या देशातल्या ताळेबंदावर झाला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उलटं काहीतरी घडलं. तिथली डब्ल्यूक्यूएक्सआर ही १९३६ पासूनची शास्त्रीय संगीताची वाहिनी, १९४४ पासून न्यूयॉर्क टाइम्सच्या मालकीची. वृत्तपत्राला पैशांची चणचण भासली आणि त्याने वाहिनी विकायला काढली. तिहेरी अदलाबदल झाली: ९६.३ ही दमदार जागा एका स्पॅनिश भाषिक कंपनीने ३३.५ दशलक्ष डॉलर आणि आपली १०५.९ ही कमी ताकदीची जागा देऊन घेतली. ती जागा, वाहिनीचं नाव आणि संकेतस्थळ असं सगळं शहराच्या सार्वजनिक रेडिओने ११.५ दशलक्षांना विकत घेतलं. प्रक्षेपणाची ताकद ६,००० वॅटवरून ६०० च्या आसपास आली, बऱ्याच उपनगरांना आवाज मिळेनासा झाला. पण संगीत वाचलं, कारण नवा मालक श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारा होता.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण वाटतं ते ब्रिटनचं. तिथल्या १९९० च्या प्रसारण कायद्यात एक छोटीशी अट घातली गेली: देशव्यापी खासगी रेडिओच्या परवान्यांपैकी एक परवाना पॉप सोडून इतर संगीतासाठीच राहील. त्या अटीतून ७ सप्टेंबर १९९२ ला क्लासिक एफएम सुरू झालं. नंतर त्याचे मालक बदलले, कंपन्यांचं विलीनीकरण झालं, २००८ मध्ये आणखी मोठ्या समूहाने ते घेतलं. वाहिनीवरचं संगीत तेच राहिलं. अट परवान्याला चिकटलेली होती, मालकाला नाही.

आपल्याकडे नियम सैल होत गेले ते दुसऱ्याच दिशेने. एका शहरात एकाच कंपनीकडे किती वाहिन्या असाव्यात याची मर्यादा तिसऱ्या टप्प्यात वाढली: चाळीस टक्क्यांपर्यंत, फक्त शहरात निदान तीन वेगवेगळे चालक हवेत. देशभरातल्या एकूण वाहिन्यांपैकी १५ टक्क्यांहून जास्त एकाकडे नकोत, ही अट ऑक्टोबर २०२२ मध्ये काढून टाकली. हेतू उद्योग तगवण्याचा होता आणि ती गरजही खरी आहे. एका मालकाकडे दोन-तीन वाहिन्या आल्या की तो एकीवर वेगळं काही करून बघेल, असाही एक युक्तिवाद असतो. प्रत्यक्षात दुसरी वाहिनी जुन्या हिंदी गाण्यांची होते. तेही लोकांना हवं असतं, माझी तक्रार नाही. पण "वेगळं" म्हणजे तेवढंच का?

आता ठाणे-नवी मुंबईचं बघू. आपल्याकडे ऐकू येणाऱ्या खासगी वाहिन्या मुंबईच्या परवान्यावर चालतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांसाठी ७३० वाहिन्यांचा लिलाव मंजूर केला, त्यात लातूर, चंद्रपूर, मालेगाव अशी नावं आहेत. आपण मुंबईच्याच छत्राखाली. आकाशवाणीच्या एफएम वाहिन्यांपैकी गोल्ड १००.७ वर आणि रेनबो १०७.१ वर, मराठी आणि शास्त्रीय संगीताचा मोठा वारसा मात्र मध्यम लहरींवरच्या अस्मिता वाहिनीकडे, ५५८ किलोहर्ट्झवर. इथे तांत्रिक अडचण येते. मध्यम लहरींवर साधारण पाच किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज पोचतो, एफएमवर पंधरापर्यंत. तानपुऱ्याच्या जवारीतून जे बारीक, झिणझिणणारे वरचे स्वर निघतात, ते मध्यम लहरींवर कापले जातात, उरतो तो गुणगुणाट. शिवाय इमारतीतले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, लिफ्टच्या मोटारी यांची खरखर मध्यम लहरींतच घुसते. म्हणजे ज्या संगीताला सर्वात स्वच्छ आवाज हवा, त्याच्या वाट्याला सर्वात गढूळ पट्टा.

एफएमचा आवाज स्वच्छ, पण ती लहर सरळ रेषेत जाते. पारसिकचा डोंगर मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत आडवा पसरलाय, त्यामुळे त्याच्या पलीकडे मुंबईचे सिग्नल अशक्त होतात. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की गाणं गेलंच. इंटरनेटवर ही अडचण नाही. आकाशवाणीची 'रागम' ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून सुरू आहे, फोनवरच्या न्यूज ऑन एअर ॲपवर आणि डीटीएचवर ऐकता येते. ज्यांनी अजून लावली नसेल त्यांनी आजच लावून बघा. पण घरातल्या आजोबांना बटण फिरवून सापडेल, गाडीत डेटा न जाळता वाजेल, असं ती आपल्याकडे एफएमवर नाही. माझी पहिली मागणी आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीकडे हीच राहील: मुंबईतल्या एफएमवर सकाळचे दोन आणि रात्रीचे दोन तास रागमला द्या.

दुसरी वाट सामुदायिक रेडिओची, आणि ती ठाणे-नवी मुंबईसाठी फार सोयीची आहे. १०० वॅटचं छोटं प्रक्षेपण, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. ऐरोलीत अँटेना उभी केली तर कळवा, ठाण्याचा पूर्व भाग आणि घणसोली आवाक्यात येतात. शिक्षणसंस्था किंवा नफा न कमावणारी संस्था अर्ज करू शकते, लिलाव नाही, कोट्यवधींचं प्रवेश शुल्क नाही. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक आणि स्वतः केलेले हवेत. २०२४ च्या नव्या नियमांनी ताशी १२ मिनिटं जाहिरातींना परवानगी दिली, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये केला. श्रीमंती नाही, पण वीजबिल निघेल. आणि स्थानिक कार्यक्रमांना इथे तोटा आहे का? पंडित राम मराठे ठाण्यात राहिले, त्यांच्या स्मृतीचा संगीत महोत्सव ठाणे महापालिका भरवते. वाशीत भावे नाट्यगृह आहे. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या क्लासचा गुरुपौर्णिमा किंवा वार्षिक कार्यक्रम असतो, जिथे सतरा-अठरा वर्षांची मुलं पंचवीस मिनिटांचा यमन मनापासून गातात आणि समोर फक्त पालक असतात. ते गाणं हवेत जायला हवं.

तिसरी गोष्ट तारखेची आहे, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात नाही. मुंबईतल्या बहुतेक जुन्या खासगी वाहिन्या १ एप्रिल २०१५ पासून तिसऱ्या टप्प्यात आल्या, मुदत पंधरा वर्षांची. म्हणजे मार्च २०३० मध्ये हे परवाने संपतात. मधल्या काळात स्टेशनं विकली जातील, नावं बदलतील, पण अटी त्याच राहतील. अटी लिहिण्याची खरी वेळ येईल ती नूतनीकरणाच्या आधी. त्यातच डिजिटल रेडिओ येऊ घातलाय, ज्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाहून जास्त कार्यक्रमप्रवाह सोडता येतात. ट्रायने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये सल्लामसलत पत्र काढलं होतं. प्रवाह वाढणार असतील तर "त्यातला एक जाहिरातींच्या ब्रेकशिवाय शास्त्रीय आणि लोकसंगीतासाठी" असं परवान्यातच लिहिणं आता तांत्रिकदृष्ट्या अशक्य राहिलेलं नाही, आणि मालकाचा धंदाही त्याने बुडत नाही.

ट्रायच्या अशा प्रत्येक पत्रावर कोणालाही लेखी मत देता येतं, तज्ज्ञ असायची अट नाही. तिथे बहुतेक मतं कंपन्यांची आणि त्यांच्या संघटनांची असतात. ठाण्यातल्या गायन मंडळांनी, वाशी-नेरुळच्या संगीतवर्गांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी लेटरहेडवर दोन पानांचं पत्र पाठवलं तर ते नोंदीत येतं आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध होतं. भैरवची चौकशी करणाऱ्या त्या ताईंना मी हेच सांगितलं. पत्राचा मसुदा आम्ही ग्रुपवर करायला घेतलाय, ज्यांना आपल्या मंडळाच्या नावाने तो वापरायचा असेल त्यांनी जरूर वापरावा.